भिंतीवरचे नाव

‘नर्सिंग होम’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही, आणि या पुस्तकाची पहिली अडचण हीच आहे. आपल्या गल्लीतले नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचा खासगी दवाखाना. तिथे बाळंतपणे होतात, अपेंडिक्स निघते, तापाच्या रुग्णाला दोन दिवस सलाइन लागते आणि बिल चुकते करून माणूस घरी जातो. १९४९ सालचा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आपल्याकडे लागू होतो तो अशाच ठिकाणांना. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्याला आपल्या पायांनी संडासापर्यंत जाता येत नाही, ज्याचे विस्मरण घरच्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहे, ज्याला रात्रंदिवस परिचारिका लागते, असा माणूस तिथे राहायला जातो. कोणी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर राहून परततो, पण अनेकांचा तो शेवटचा पत्ता असतो. देशभरात अशी सुमारे १५ हजार घरे आहेत आणि कोणत्याही दिवशी त्यांत सुमारे १२ लाख माणसे राहत असतात.

हे पुस्तक त्या नर्सिंग होमबद्दल आहे. नेमके सांगायचे तर ते चालवणाऱ्या माणसाबद्दल, आणि त्याहून नेमके म्हणजे त्या माणसाला लागणाऱ्या परवान्याबद्दल. हस्तलिखित हाती आले तेव्हा मीही मनात म्हटले, परवान्यावर कोणी पुस्तक लिहिते का? पण मग औषधाचे दुकान आठवले. औषध विकायचे तर दुकानाला परवाना पुरत नाही, नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसावे लागते. रिक्षा चालवायला बॅज लागतो. मग ज्यांना स्वतःचा घास स्वतः घेता येत नाही अशा शंभर माणसांचे घर चालवायला काय लागावे? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९६७ साली कायद्यात लिहिले: घराला परवाना हवाच, पण घर चालवणाऱ्या माणसालाही स्वतःच्या नावाचा परवाना हवा. मालक कोणीही असो, एक नाव असे हवे, की काही बिघडले तर त्याला बोलावता येईल.

अमेरिका या उत्तरापर्यंत सरळ वाटेने आलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या निराधार म्हाताऱ्यांना ‘पुअरहाउस’ हाच आसरा होता. गावाने चालवलेले ते अनाथालय, वेड्यांचे घर आणि दवाखाना यांचे मिश्रण असे. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि सरकारी संस्थेत राहणाऱ्याला ते मिळणार नाहीत अशी अट घातली. हेतू पुअरहाउस रिकामे करण्याचा होता. ती रिकामी झालीही, पण म्हातारी माणसे घरी गेली नाहीत. ती खासगी घरांत गेली. कोणी विधवा, कोणी निवृत्त परिचारिका आपल्या घरातल्या चार खोल्यांत भाडेकरू ठेवी तसे म्हातारे ठेवू लागली. सरकारी पैसा हाती असलेले गिऱ्हाईक आणि बाकीचा हिशेब मालकाचा, असा हा धंदा जन्माला आला. १९५० साली केंद्राने राज्यांना सांगितले की अशा घरांना परवाने द्या, त्यांची तपासणी करा. तो परवाना मात्र इमारतीचा होता.

आणि इमारती जळत राहिल्या. १९५७ साली मिसुरीतल्या वॉरेंटन गावी वृद्धांच्या एका घराला आग लागून ७२ माणसे गेली. १९६३च्या नोव्हेंबरात, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ओहायोतल्या फिचव्हिलमध्ये ६३ गेली. सारा देश दुसऱ्याच शोकात बुडाला होता, या ६३ जणांकडे कोण बघणार? दोन वर्षांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या, आणि नर्सिंग होमकडे केंद्राच्या पैशाचा लोंढा सुरू झाला. आता प्रश्न केवळ दयेचा राहिला नाही, करदात्याच्या पैशाचाही झाला. सिनेटर फ्रँक मॉस आणि एडवर्ड केनेडी यांनी पाठपुरावा केला आणि १९६७च्या दुरुस्त्यांत सामाजिक सुरक्षा कायद्याला कलम १९०८ जोडले गेले. मेडिकेडचा पैसा हवा असेल तर राज्याने नर्सिंग होमच्या प्रशासकांना परवाने देणारी यंत्रणा उभी केलीच पाहिजे. मुदत होती १ जुलै १९७०.

त्या मुदतीच्या दोन्ही बाजूंना दोन दुर्घटना उभ्या आहेत. जानेवारी १९७० मध्ये ओहायोतल्या मॅरिएटा इथे एका नव्या, वरकरणी सुरक्षित इमारतीत आग लागली. तीसहून अधिक माणसे गेली आणि बोट दाखवले गेले ते रबरी अस्तराच्या गालिच्यातून उठलेल्या दाट धुराकडे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या एका नर्सिंग होममध्ये साल्मोनेलाची साथ पसरून २५ जण दगावले. आता विचार करा, गालिचा कोणता घ्यायचा हे डॉक्टर ठरवत नाही. मुदपाकखान्यात अन्न किती वेळ बाहेर राहिले हे परिचारिका बघत नाही. हे निर्णय ज्या टेबलावर होतात तिथे बसणाऱ्याला तोवर कोणतीही परीक्षा नव्हती. परवान्याच्या कल्पनेचे सगळे समर्थन या दोन घटनांत आले. म्हातारपणी माणसाचा जीव जसा औषधाच्या चुकीने जातो तसा गालिच्याच्या खरेदीनेही जाऊ शकतो.

कायद्याने केंद्राचा एकच साचा लादला नाही. प्रत्येक राज्यात मंडळ किंवा तत्सम यंत्रणा असावी, त्या मंडळावर कोणा एका व्यवसायाचे बहुमत नसावे, मंडळाने पात्रता ठरवावी, परीक्षा घ्यावी, तक्रारींची चौकशी करावी आणि वेळ आली तर परवाना काढून घ्यावा, एवढी चौकट केंद्राची. आधीपासून खुर्चीत असलेल्यांना थोडी सवलत होती, पण त्यांच्यासाठी शिक्षणाची सोय करण्याच्या अटीवर. बाकी सगळे राज्यांवर सोडले, आणि राज्यांनी आपापल्या प्रकृतीप्रमाणे केले. बहुतेक ठिकाणी पदवी लागते, काही ठिकाणी अनुभवाच्या जोरावर तिच्याहून कमीवर भागते. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात साधारण १००० तासांची उमेदवारी करावी लागते. फ्लोरिडात पदवीचा विषय कोणता यावर १००० की २००० तास हे ठरते. १९७१ साली राज्य मंडळांनी मिळून आपली राष्ट्रीय संघटना काढली. ‘नॅब’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचीच परीक्षा देशभर चालते. २०१७ पासून ही परीक्षा दोन भागांत होते: सगळ्यांना समान असा पाया, आणि त्यावर नर्सिंग होमचा वेगळा भाग. परवाना मिळाला म्हणजे सुटका होत नाही. ठराविक मुदतीने नूतनीकरण, आणि त्यासाठी पुन्हा अभ्यासाचे तास. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ते ४० असतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती उमेदवारी. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंग’ म्हणजे अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली काढलेले ते महिने. पूर्वी आपल्याकडे गवंड्याच्या, सोनाराच्या हाताखाली पोर राहायचे, तसेच हे. उमेदवाराला खात्यामागून खाते फिरवतात. मुदपाकखाना, धुलाई, बिले, नोंदी, देखभाल, समाजसेवा, परिचारिकांची पाळी, सगळीकडे काम. या पुस्तकाच्या लेखिकेने ती उमेदवारी स्वतः केली आहे. धुलाईच्या खोलीत उशीच्या अभ्र्यातून निघालेली कोणाची तरी कवळी तिने हातात धरली, आणि ती कोणाची हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसात तो माणूस जेवला नाही. हा धडा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसतो. परवान्याची यंत्रणा कोरडी दिसते ती बाहेरून. आत डोकावले की या कवळीसारख्या गोष्टींनी ती भरलेली दिसते.

एवढे करूनही घरे सुधारली का? या प्रश्नावर अमेरिकेत गेल्या ५० वर्षांत जे वाद झाले त्यांचे ढोबळमानाने चार प्रवाह पडतात. नवख्या वाचकाला ते आधी ठाऊक असावेत.

पहिला प्रवाह नियमनवाद्यांचा. त्यांच्या मते नियम सुटले की माणूस सुटतो. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नर्सिंग होमच्या धंद्यातले घोटाळे बाहेर आले, १९७५ साली त्यावर चौकशी आयोग बसला, आणि या प्रवाहाला बळ मिळाले. १९८६ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’चा अहवाल आला आणि त्यावरून १९८७चा सुधारणा कायदा झाला. आजचे अमेरिकन नर्सिंग होम या कायद्याचे अपत्य आहे. रहिवाशाचे हक्क, प्रत्येकाचे ठराविक नमुन्यातले मूल्यमापन, मदतनिसाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, पूर्वसूचनेशिवाय येणारे तपासणीस, हे सारे तिथून आले. दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही असा नियम आहे, आणि तपासणीस दारात उभे राहिले की पहिली हाक प्रशासकाला जाते.

दुसरा प्रवाह व्यावसायिकांचा. प्रशासकांची संघटना १९६२ सालीच निघाली होती, कायद्याच्याही आधी. त्यांचे म्हणणे असे की हा स्वतंत्र पेशा आहे, रुग्णालयाच्या व्यवस्थापनाची धाकटी पाती नव्हे. विद्यापीठांत त्याचे अभ्यासक्रम निघाले, जेम्स अ‍ॅलन यांच्यासारख्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली. आता तर नर्सिंग होम, ‘असिस्टेड लिव्हिंग’ आणि घरपोच सेवा या तिन्हींना पुरेल अशी एकच मोठी पात्रता या मंडळींनी आणली आहे. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. असिस्टेड लिव्हिंगला केंद्राचे नियम नाहीत, राज्यागणिक सगळे बदलते, आणि म्हातारी माणसे मात्र एकातून दुसऱ्यात सरकत राहतात.

तिसरा प्रवाह परवान्यावरच शंका घेतो. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली डॉक्टरांच्या परवान्यावरही आक्षेप घेतला होता: परवाना गिऱ्हाइकाचे रक्षण करतो असे म्हणतात, पण प्रत्यक्षात तो आतल्यांचे रक्षण करतो आणि बाहेरच्यांना दार बंद करतो. एका राज्याचा परवानाधारक दुसऱ्या राज्यात गेला की पुन्हा अर्ज आणि अनेक ठिकाणी तिथल्या नियमांची परीक्षा, हे पाहिले की या आक्षेपात तथ्य वाटू लागते. खेड्यापाड्यांतल्या घरांना प्रशासक मिळत नाही तेव्हा तो अधिकच टोचतो.

चौथा प्रवाह मला सर्वांत जवळचा, कारण तो मूळ प्रश्नच बदलतो. १९९१ साली बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये काम करत होता. तिथे त्याने कुत्री, मांजरे आणि शंभर पोपट आणले. माणसे इथे आजाराने मरत नाहीत, कंटाळा, एकटेपणा आणि असहायता यांनी मरतात, असे त्याचे निदान होते. त्यातून ‘ईडन’ चळवळ उभी राहिली, आणि २००३ साली मिसिसिपीतल्या टुपेलो इथे ‘ग्रीन हाउस’ नावाची लहान, घरासारखी घरे. ही गोष्ट मराठी वाचकांपैकी अनेकांनी अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये वाचली असेल. त्याच पुस्तकात गावंडे यांचे आजोबा सीताराम आहेत. विदर्भातल्या उटी गावी, शंभरी ओलांडल्यावरही, रात्री घोड्यावरून शेताला फेरी मारणारे. आजोबांना ते जमले, कारण भोवती मोठे खटले होते. गावंडे तो काळ परत आणा असे म्हणत नाहीत. खटले मोडल्यावर त्याच्या जागी काय उभे करायचे हा त्यांचा प्रश्न आहे. पोपटांची परवानगी कोण देणार, त्यांची घाण कोण काढणार, तपासणीस आले की उत्तर कोण देणार? इथेही शेवटी प्रशासकाच्याच टेबलापाशी यावे लागते.

या चारही प्रवाहांना एक पाचवी गोष्ट छेदून जाते: पैसा. बहुतांश नर्सिंग होम नफ्यासाठी चालतात. बरीचशी साखळीतली आहेत. जमीन एका कंपनीची, चालवणारी दुसरी कंपनी, आणि दोन्हींचा धनी एकच, असेही असते. डाव्या खिशातून उजव्या खिशात भाडे जाते आणि मदतनिसांच्या पगाराला पैसे उरत नाहीत. रहिवाशांपैकी दहातल्या सहांचा खर्च मेडिकेड करते, म्हणजे हा पैसा जनतेचा. २०२३ साली केंद्राने मालकी उघड करण्याचे नियम कडक केले. २०२४ साली दर रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा असा नियम केला, आणि पुढच्याच वर्षी टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द ठरवला. माणसे किती ठेवायची हे परवानाधारकाच्या हाती नाही. जाब मात्र त्यालाच द्यायचा.

या विसंगतीचे टोक फ्लोरिडात दिसले. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळाने हॉलिवूड नावाच्या गावातल्या एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. रस्त्यापलीकडे मोठे रुग्णालय होते, तरी उकाड्याने १२ जणांचा बळी घेतला. प्रशासकावर मनुष्यवधाचा खटला झाला. आपण वीज यावी म्हणून वरपर्यंत फोन केले असा त्याचा बचाव होता. २०२३ साली न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले. मधल्या काळात राज्याने प्रत्येक नर्सिंग होमला चार दिवस पुरेल अशा जनरेटरची सक्ती केली. लेखिका या घटनेवर रेंगाळते, आणि तिने रेंगाळावेच. परवान्यावर ज्याचे नाव होते तो दोषी नव्हता, तर मग दोषी कोण? १२ माणसे तर गेली. नावाला जबाबदारी दिली पण तेवढा अधिकार दिला नाही, तर ते नाव ढाल होऊन बसते, आणि ढालीमागे कोण उभे आहे ते कळत नाही. आपल्याकडे हा प्रकार निराळ्या रूपात सगळ्यांच्या परिचयाचा आहे. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर, फार्मासिस्ट मात्र दुसऱ्याच गावी, आणि त्याला महिन्याचे भाडे पोचते.

मग हा विषय आत्ताच का? अमेरिकेपुरते उत्तर कोविडने दिले. २०२० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडमधल्या एका नर्सिंग होमपासून साथीची बातमी सुरू झाली, आणि पुढच्या दोन वर्षांत देशभरच्या अशा घरांतले दोन लाखांहून अधिक रहिवासी आणि कर्मचारी गेले. २०२२ साली राष्ट्रीय अकादमींनी मोठा अहवाल काढला. प्रशासकासह कर्मचाऱ्यांसाठी किमान शिक्षण आणि कौशल्याचे राष्ट्रीय निकष असावेत असे त्यात सुचवले आहे. १९६७ साली राज्यांवर सोडलेला प्रश्न असा पुन्हा केंद्राच्या दारात आला आहे.

मराठी वाचकाला याचे दोन उपयोग. पहिला थेट. ज्यांची मुले तिकडे स्थायिक आहेत आणि जे स्वतः साठीनंतर तिकडे गेले, त्यांच्या घरात नर्सिंग होमचा विषय आज ना उद्या निघतोच, आणि निघतो तो गैरसमजांसकट. मेडिकेअर सगळे बघेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती रुग्णालयानंतरच्या शुश्रूषेचे फार तर १०० दिवस बघते, आणि ते सगळे दिवसही फुकट नसतात. घर निवडताना प्रशासक कोण, तो किती वर्षे आहे, तिथे प्रशासक वारंवार बदलतात का, हे विचारावे असे या पुस्तकाने सुचवले आहे. माहितीपत्रकातल्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा हे तीन प्रश्न जास्त सांगून जातात.

दुसरा उपयोग आडून येतो. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्यागणिक १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद राज्यांसाठी केली. २०१९ साली अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष आणणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. आपल्याकडचे अनेक वृद्धाश्रम सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. तिथे हिशेब तपासला जातो, विश्वस्तांची नावे असतात. रोजचे घर ज्याच्या हाती आहे त्या व्यवस्थापकाने काय शिकलेले असावे, हे विचारायची चाल नाही. लेखिका अमेरिकन परवाना इथे आणा म्हणत नाही. तिथला प्रत्येक नियम कोणत्या आगीतून, कोणत्या साथीतून आला हे ती दाखवते. नियम उचलायचा की नाही ते आपण ठरवू. आग लागायची वाट बघू नये, एवढेच.

या पुस्तकाला काय जमत नाही, तेही सांगायला हवे. राज्याराज्याचे नियम बदलत राहतात, म्हणून परीक्षेला बसणाऱ्याने हे मार्गदर्शक समजू नये. परवान्याने माया येते असा दावाही इथे नाही. माया परीक्षेत तपासता येत नाही, हे लेखिकेने कवळीच्या त्या प्रसंगातच मान्य केले आहे. तिचे म्हणणे याहून लहान आणि म्हणूनच टिकाऊ आहे: जिथे माणसे परावलंबी आहेत तिथे जबाबदारीला नाव हवे, ते नाव शिकलेले हवे, आणि त्या नावाच्या हातात किल्ल्या हव्यात. अमेरिकेला पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचशा साधल्या, तिसरी अजून साधलेली नाही.

हस्तलिखित वाचून झाल्यावर मी एका परिचितांना भेटायला एका वृद्धाश्रमात गेलो होतो. पडवीत संगमरवरी पाटी होती, तिच्यावर देणगीदारांची नावे, रकमेच्या उतरत्या क्रमाने. आत कार्यालयात विश्वस्तांचे फोटो. परिचितांना विचारले, “रात्री दोन वाजता काही झाले तर कोणाला हाक मारता?” ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, “शेजारच्या खोलीतल्या कुलकर्ण्यांना. त्यांना झोप येत नाही.”

कुलकर्णी ८४ वर्षांचे आहेत.